मुंबई लोकल वेळापत्रक सर्व्हर, नोंद ४: टूलची वर्णनं नव्याने

या टप्प्यात कोडला फारसा हात लावलेला नाही. बदलली ती वर्णनं. एमसीपी म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची साधनं (टूल) जोडण्याचा प्रोटोकॉल. अशा सर्व्हरची ओळख एजंट, म्हणजे ही टूल स्वतः चालवणारं एआय, दोनदा वाचतो: आधी रजिस्ट्रीत, म्हणजे सर्व्हरच्या सार्वजनिक यादीत, हा सर्व्हर घ्यावा का हे ठरवताना, मग जोडल्यावर, कोणतं टूल चालवायचं आणि त्याला काय द्यायचं हे ठरवताना. दोन्हीकडे एकच परिच्छेद चिकटवला की दोन्ही कामं बिघडतात.

आधी रजिस्ट्री. एमसीपीची अधिकृत रजिस्ट्री सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी स्वरूपात खुली झाली. तिथे कोड नसतो, फक्त माहितीची फाइल असते. कोड एनपीएम, पायपीआय अशा पॅकेज-भांडारांत राहतो. त्या फाइलमधल्या वर्णनाला १०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत लिहिताना इथेच फसगत होते, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह धरलं जातं. ‘कल्याण’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण मोजणीत सहा चिन्हं भरतात, आणि बाइट मोजणाऱ्या साधनात १८. आता ठेवलेलं वर्णन असं:

‘मुंबई उपनगरी लोकलचं वेळापत्रक: पश्चिम, मध्य, हार्बर मार्ग. थेट स्थिती नाही.’

ही ७५ चिन्हं झाली. उरलेल्या जागेत ‘जलद’, ‘सर्वोत्तम’ असले शब्द भरू नयेत. ‘थेट स्थिती नाही’ हे तीन शब्द मात्र काढायचे नाहीत. ते नसले की ‘आत्ताची बोरिवली लोकल किती लेट आहे?’ हा प्रश्न घेऊन एजंट इथे येतो आणि छापील वेळच खरी म्हणून सांगून मोकळा होतो.

शिवाय, रजिस्ट्रीच्या एपीआयमधला (प्रोग्रामने वापरायचा) शोध सर्व्हरच्या नावातला तुकडा जुळवतो. म्हणून नावातच मुंबई, लोकल आणि टाइमटेबल हे तिन्ही शब्द रोमन लिपीत घातले आहेत. कल्पक नाव ठेवलं तर या शोधात ते सापडत नाही. एकदा प्रकाशित झालेल्या आवृत्तीची माहिती बदलता येत नाही. वर्णनातली एक चूक सुधारायची तरी नवा आवृत्ती क्रमांक लागतो.

आता टूलचं वर्णन, आणि खरी मेहनत इथे आहे. क्रम असा ठेवला: टूल काय परत देतं, कधी वापरावं, कधी वापरू नये, मग प्रत्येक पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायची माहिती. ‘स्टेशन: स्टेशनचं नाव’ या ओळीतून काहीच कळत नाही. दादरचंच पाहा. पश्चिम मार्गावर त्याचा कोड डीडीआर, मध्य मार्गावर डीआर. नुसतं ‘दादर’ आलं तर सर्व्हरने अंदाज बांधायचा नाही. म्हणून मार्ग हा वेगळा पॅरामीटर केला, त्याची चालणारी मूल्यं स्कीमात (इनपुटच्या साच्यात) एनमने, म्हणजे ठरावीक यादीने, बांधली, आणि वर्णनात लिहिलं: ‘दादर दोन मार्गांवर आहे, मार्ग देणं आवश्यक.’

जुन्या नावांचं उलट केलं. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. लोक अजूनही सगळी नावं वापरतात. ही यादी वर्णनात घातली तर प्रत्येक संभाषणात तेवढे टोकन (मॉडेल वाचतं ते मजकुराचे तुकडे) फुकट जातात. ती कोडमध्ये ठेवली. वर्णनात फक्त ‘जुनी नावंही चालतात’.

सगळ्यात चिवट घोळ तारखेचा. सर्व्हर यूटीसी वेळेवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) चालत असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी ‘आज’ म्हणजे काल. सोमवारी पहाटे साडेचारला विचारलं की रविवारचं वेळापत्रक मिळतं, आणि उत्तर दिसायला अगदी बिनचूक असतं. शिवाय जीटीएफएस (वेळापत्रकाच्या प्रमाणित स्वरूपातल्या) फाइलमध्ये मध्यरात्रीनंतरची १:१० ची गाडी २५:१० अशीही लिहिलेली असू शकते. ती वेळ जशीच्या तशी पुढे गेली की मॉडेल गोंधळतं. उपाय: ‘आज’ हा शब्द स्वीकारायचा नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच घ्यायची, भारतीय वेळेनुसार असं वर्णनात सांगायचं, आणि उत्तरात प्रत्येक गाडीसोबत तिची खरी तारीख द्यायची.

चूक झाल्याचं सांगणारा संदेशही वर्णनाइतकाच जपून लिहावा. ‘अवैध इनपुट’ वाचून एजंट टूल तसंच पुन्हा चालवतो. ‘दादरसाठी मार्ग पश्चिम की मध्य ते द्या’ वाचून तो दुरुस्त करतो. मात्र हा संदेश टूलच्या निकालातच, ‘चूक झाली’ अशी खूण लावून परत द्यावा. प्रोटोकॉलची चूक म्हणून फेकला तर तो मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही.

टूलसोबत त्याचा स्वभाव सांगणाऱ्या खुणा देता येतात, त्यांचंही पाहून घ्या. ‘फक्त वाचन’ ही खूण दिली नाही तर ती नकारार्थी धरतात, आणि ‘नुकसानकारक’ होकारार्थी. म्हणजे निव्वळ वेळापत्रक वाचणारं टूलही, खूण विसरल्यास, काहीतरी पुसू शकणारं ठरतं आणि क्लायंट (एजंट ज्यात चालतो ते ॲप) दर वेळी परवानगी मागू शकतो.

तपासणीसाठी ४० प्रश्न पुरेसे, पण त्यातले निदान १० असे हवेत की ज्यांना हे टूल वापरायचंच नाही: मेट्रो, बेस्टची बस, पुण्याची गाडी, उशीर. हे १० नसतील तर वर्णन जितकं पसरट, तितके गुण जास्त, आणि चाचणी नेमकी उलट दिशेला नेते. एका वेळी एकच वाक्य बदलायचं आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे.

पुढच्या नोंदीत रविवारचा मेगाब्लॉक. त्याला वेगळं टूल लागेल, कारण ती माहिती वेळापत्रकात नसतेच.