आमची वाटचाल : कोळंबीच्या टरफलापासून हिरडीपर्यंत

दाढ काढल्यावर रक्त थांबावे म्हणून जखमेत ठेवायचा स्पंज आम्ही बनवतो, तो कोळंबीच्या टरफलांतून मिळणाऱ्या कायटोसान या पदार्थापासून. म्हणून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या गाळ्यात येणारा पाहुणा आधी वासाबद्दल विचारतो. वास्तविक कोळंबीची टरफले येथे येतच नाहीत. किनाऱ्यालगतच्या कारखान्यांत सौम्य आम्लाने त्यांतील चुना व सौम्य अल्कलीने प्रथिने काढली की कायटिन उरते, ते तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले की कायटोसान मिळते, आणि आमच्या हाती येते ती त्याची पांढरट भुकटी.

सातपूरच्या औषध कारखान्यातील नोकरी मी सोडली ती एका दंतवैद्य मित्राच्या तक्रारीमुळे : दाढ काढल्यावर ठेवलेला बोळा उचलताना त्याचे धागे जखमेला चिकटतात आणि धरलेली गुठळीही निघून येते. कायटोसान आम्लात विरघळले की त्याच्या रेणूंवर धन प्रभार येतो, रक्तातील तांबड्या पेशींचा पृष्ठभाग ऋण प्रभाराचा असल्याने त्या त्याला चिकटून गोळा होतात, आणि लाळेने भिजलेल्या हिरडीवरही ते बऱ्याच अंशी याच कारणाने धरून राहते. आम्ही त्याचे द्रावण गोठवून निर्वातात ठेवतो, तेव्हा बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो आणि त्याच्या स्फटिकांच्या जागी पोकळ्या उरून स्पंज तयार होतो. सावकाश गोठवल्यास छिद्रे मोठी पडतात, झटपट गोठवल्यास बारीक. आमची सारी कारागिरी या वेगात आहे.

स्पंज वर्षभरात जमला, निर्जंतुकीकरणात मात्र तीन वर्षे गेली. वाफेच्या दाबाखाली तो आकसला. गॅमा किरणांची २५ किलोग्रे (किलोग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) ही रूढ मात्रा देऊन आणलेली पहिली खेप पिवळी पडून बोटांत चुरू लागली, कारण किरणांनी रेणूंच्या साखळ्याच तोडल्या होत्या. कांद्याला किरणे देणारे लासलगावचे विकिरण केंद्र उशाशी असताना माल लांब कशाला पाठवता, असे नातेवाईक विचारीत. पण कांद्याला कोंब फुटू नये म्हणून लागणारी मात्रा एका किलोग्रेच्याही बरीच खाली असते. अखेर आम्ही इथिलीन ऑक्साइड वायूकडे वळलो. त्याचा अंश उरू नये म्हणून माल हवेशीर ठेवून तपासावा लागतो, तेवढे दिवस ग्राहक खोळंबतो आणि आम्ही त्याचे बोलणे ऐकून घेतो.

भुकटीचा स्रोत वेष्टनावर ठळक छापावा, हा आग्रह मी कधी सोडला नाही. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांसाठी ते आवश्यकच आहे. शिवाय आपल्याकडे शाकाहारी रुग्ण पुष्कळ, त्यांना सागरी शैवालापासून केलेली अल्जिनेटची पट्टी सुचवता येते. जंतुनाशक हा शब्द मात्र आम्ही छापत नाही. प्रयोगशाळेतील बशीत कायटोसानने जंतूंची वाढ रोखणे निराळे आणि पू झालेली जखम निराळी.

तोंड आल्यावर लावायचे पातळ पटल सध्या आमच्या हाती आहे. लवचिकपणासाठी त्यात ग्लिसरीन घालावे लागते. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून पटल पावसाळ्यात चिकट होते आणि नाशिकच्या कोरड्या थंडीत तडकते. दोन्ही ऋतूंत एकसारखे उतरेपर्यंत ते विक्रीस काढलेले नाही.