सतरा नंबर

रात्रीचे ११.४०

सतरा नंबर गेला.

एवढंच लिहून वही मिटणार होते. पण उद्या सकाळपर्यंत मी स्वतःलाच यातलं निम्मं वेगळं सांगायला लागेन, म्हणून आत्ताच लिहिते.

विषाणूवरचं औषध होईल म्हणून गेले आठ महिने पीएचडीचा सगळा डोलारा या एका रेणूवर उभा होता. माझा विषाणू २२९ई, साध्या सर्दीचा कोरोनाविषाणू. पेशींवर सोडला की काही दिवसांत त्या गोल होऊन तळापासून सुटायला लागतात. प्लेटच्या ज्या खणांत सतरा नंबर घातला त्यांत मात्र पेशी जशाच्या तशा! २ मायक्रोमोलर एवढ्या मात्रेला विषाणूची वाढ निम्म्यावर येत होती आणि निम्म्या पेशी मरायला ५० च्याही पुढे जावं लागत होतं. पंचवीसपट अंतर. पहिल्यांदा तो आलेख उमटला तेव्हा मी तीच प्लेट तीनदा वाचली होती. मग ताज्या पेशी, ताजा विषाणू, नवं द्रावण. उत्तर तेच. चूकसुद्धा इतकी तंतोतंत पुन्हापुन्हा येऊ शकते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

खटकायला हवं होतं ते वेगळंच. रेणू विषाणूच्या कशाला जाऊन चिकटतो, तेच सापडत नव्हतं. प्रोटिएज आणि पॉलिमरेज हे विषाणूचे वाढीला लागणारे एन्झाइम, त्यांतल्या एकावरही परिणाम नाही. त्याच औषधात बारा वेळा विषाणू वाढवला, तरी त्याला दाद न देणारा एकही वाण निघेना. आणि मी त्यावर खूश! ‘प्रतिकार निर्माण होत नाही’ हे पोस्टरवर ठळक अक्षरांत छापलं होतं. विषाणूला झगडायला समोर कुणी नव्हतंच, तर तो बदलेल कशाला?

मागच्या आठवड्यात सरांनी रचनेवर नुसतं बोट ठेवलं. एका टोकाला चरबीत सहज मिसळणारी कडी, दुसऱ्या टोकाला अमाईन, म्हणजे आम्लात भार घेणारा नायट्रोजनचा गट. “लिपिडचा डाय घालून बघितलंस का?” एवढंच म्हणाले. लिपिड म्हणजे चरबी, ती पेशीत साठली की हा डाय तिथे चमकतो.

आज बघितलं. पेशीत लायसोसोम म्हणून आम्लानं भरलेल्या इवल्या पिशव्या असतात, पेशीचा कचरा तिथे पचतो. असलं अमाईन पिशवीच्या पडद्यातून आत शिरतं, तिथल्या आम्लात त्याच्यावर भार येतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. ते साचत जातं, पचन बिघडतं, पडद्यांची चरबी आत थरांवर थर साठत राहते. फॉस्फोलिपिडोसिस. पेशीला झालेलं अजीर्णच म्हणायचं. अशा पेशीत विषाणूची वाढ मंदावते खरी, पण त्यात औषधाचं कर्तृत्व काही नाही.

अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला. नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचं द्रावक, दिलेल्या पेशी काळोख्या. एमिओडारोन, म्हणजे हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवरचं औषध, हा आमचा पॉझिटिव्ह कंट्रोल: त्यानं हे अजीर्ण हमखास होतं. त्यात साठलेल्या चरबीचे हिरवे ठिपके. सतरा नंबरच्या खणात त्याहून जास्त. दिसायला सुंदर होतं, हे कबूल करायला हवं.

सगळ्यात जास्त चीड आली ती स्वतःची. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये यावरच निबंध आला होता. कोविडवर चालतील म्हणून पुढे आलेल्या कितीतरी जुन्या औषधांचं पेशींमधलं यश याच अजिर्णाचं होतं. त्यांतली काही उंदरांना देऊन बघितली, तर विषाणू हलला नाही. मी तो निबंध वाचला होता, अधोरेखितही केला होता. इतरांच्या रेणूंसाठी.

चहाच्या वेळी सर म्हणाले, “एझेडटी आठव.” १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवलं, चाललं नाही, बाजूला पडलं आणि १९८७ मध्ये एड्सवरचं पहिलं मंजूर औषध झालं. सांगणाऱ्याला बरी वाटणारी गोष्ट. पण एझेडटी विषाणूच्या एन्झाइमला खरोखर अडवत होतं, त्याचं फक्त गिऱ्हाईक चुकलं होतं. माझ्या रेणूकडे अडवायला कुणीच नाही.

मला हेवा वाटतो तो नागिणीवरच्या असायक्लोव्हिर या औषधाचा. नागिणीच्या विषाणूचा स्वतःचा किनेज हा एन्झाइम त्याला पहिला फॉस्फेट जोडतो, तेव्हा कुठे ते जागं होतं. निरोगी पेशीत जवळजवळ झोपलेलंच. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी पीएचडी कधी पूर्णच केली नव्हती. हे मला आज आठवायची काही गरज नव्हती.

अमाईनच्या जागी अमाइड घातलेला तेवीस नंबर तयार आहे. त्याच्यावर भार येत नाही, म्हणून तो पिशवीत अडकणार नाही. पण पाण्यात विरघळतही नाही, दुधासारखा गढूळ होतो. उद्या आधी त्याच्यावर लिपिडचा डाय, विषाणू मागाहून. हा क्रम आठ महिन्यांपूर्वीच हवा होता.

निघताना फ्रीजर उघडला. सतरा नंबरच्या अजून सहा नळ्या शिल्लक आहेत. ‘हिट’, म्हणजे औषध होण्याजोगा रेणू, हे खोडलं आणि ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’ लिहून त्या एमिओडारोनच्या शेजारी लावल्या.