सीएनसी राउटर बांधताना पहिला विचार सांगाड्याचा

सीएनसी राउटर म्हणजे लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, ॲक्रिलिक आणि काही मर्यादेत ॲल्युमिनियमसुद्धा संगणकाच्या आज्ञेनुसार कापणारे व कोरणारे यंत्र. सुतार जो राउटर दोन्ही हातांत धरून चालवतो, तोच, किंवा त्याच्या जागी स्पिंडल (कापणारे पाते म्हणजे बिट फिरवणारी मोटर), येथे तीन अक्षांवर सरकतो. एक्स अक्षावर तो डावीउजवीकडे जातो, वायवर पुढेमागे आणि झेडवर वरखाली. ज्या आडव्या पुलावर तो बसवलेला असतो, त्याला गॅन्ट्री म्हणतात.

आकृती आधी संगणकावर काढली जाते. मग कॅम सॉफ्टवेअर त्या आकृतीवरून बिटचा मार्ग ठरवते आणि तो जी-कोडमध्ये लिहून देते. जी-शून्य म्हणजे न कापता वेगाने सरकणे, जी-एक म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जाणे, जी-दोन आणि जी-तीन म्हणजे वर्तुळाकार कंस. नवख्याने एवढ्या चार आज्ञा ओळखल्या तरी फाइल वाचून यंत्र काय करणार आहे याचा पुष्कळसा अंदाज येतो. ही फाइल कंट्रोलर वाचतो (लहान यंत्रांत बहुधा आर्डुइनोवर चालणारी जीआरबीएल ही मुक्त प्रणाली असते) आणि तो ड्रायव्हरमार्फत (मोटरीला वीज देणाऱ्या सर्किटमार्फत) स्टेपर मोटरींना, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरींना, इशारे पाठवतो.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे आठ भाग केले तर १६०० इशाऱ्यांत एक फेरा पूर्ण होतो, आणि एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा लीडस्क्रू (फिरून अक्ष पुढे ढकलणारा आटेदार दांडा) असेल तर एका मिलिमीटरला २०० इशारे लागतात. म्हणजे कागदावर एक इशारा ०.००५ मिलिमीटरचा झाला. हा आकडा पाहून अनेकांना वाटते की अचूकतेचा प्रश्न सुटला. परंतु बिट लाकडात शिरल्यावर गॅन्ट्री दोन दशांश मिलिमीटर वाकत असेल, तर त्या सूक्ष्म पावलांचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय साध्या स्टेपर प्रणालीत यंत्र प्रत्यक्षात कुठे पोहोचले हे कंट्रोलरला कळतच नाही. पावले चुकली तरी तो सगळे ठीक असल्याचे धरून पुढे कापत राहतो.

म्हणूनच माझे आग्रहाचे मत असे आहे की, पहिले यंत्र बांधणाऱ्याने मोटरींची ताकद आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्याआधी सांगाड्याचा विचार करावा. टेकूंमधले अंतर दुप्पट केले तर तोच तुळईचा तुकडा त्याच भाराखाली आठपट वाकतो. उलट, तुळईची उंची दुप्पट केली तर तिचे वाकणे साधारण एक अष्टमांशावर येते. त्यामुळे पूर्ण प्लायवूड शीट मावेल एवढ्या बेडचा (लाकूड ठेवायच्या पाटाचा) मोह सोडून सुरुवातीला लहान बेड आणि जाड गॅन्ट्री निवडणे शहाणपणाचे ठरते. गॅन्ट्री नुसती वाकत नाही, ती पिळलीही जाते, कारण कापण्याचा जोर तुळईच्या खाली लोंबणाऱ्या बिटच्या टोकावर येतो. झेड अक्ष जितका खाली लोंबेल तितका हा पीळ वाढतो. जोडणी करताना केवळ गुण्यावर विसंबू नये. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते समान येईपर्यंत बोल्ट पूर्ण कसू नयेत. समोरासमोरच्या बाजू समान असतील आणि कर्णही जुळले, तर कोपरे काटकोनात आहेत.

कापण्याच्या वेगाबाबत नवख्यांची समजूत बहुधा उलटी असते. हळू चालवणे सुरक्षित वाटते. पण मिनिटाला १८,००० फेरे घेणारा दोन धारांचा बिट फार हळू सरकला तर प्रत्येक धार लाकूड कापण्याऐवजी त्यावर घासत राहते, बिट तापतो आणि कड करपते. दर धारेने ०.१ मिलिमीटरची ढलपी निघावी असे वाटत असेल, तर सरकण्याचा वेग मिनिटाला ३६०० मिलिमीटर हवा. यंत्राला तो झेपत नसेल तर फेरे कमी करावेत किंवा एका धारेचा बिट लावावा. खोली मात्र थोडी थोडीच वाढवावी.

डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि भुसा ओढणारी व्यवस्था हे यंत्राचेच भाग समजावेत. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचते. आणीबाणीचे बटण केवळ मोटरी नव्हे तर स्पिंडलही बंद करेल असे जोडलेले असावे. यंत्र चालू असताना त्याच्यापासून दूर जाऊ नये, कारण घासून तापलेल्या बिटमुळे भुशात ठिणगी पडू शकते.

जोडणी झाल्यावर लगेच बिट लावण्यापेक्षा त्या जागी पेन बसवून कागदावर एक मोठा चौरस आणि एक वर्तुळ काढावे. चौरसाच्या बाजू कमीजास्त आल्या तर एका मिलिमीटरचे इशारे पुन्हा मोजावेत, आणि कर्ण जुळले नाहीत तर सांगाड्याकडे परत जावे. वर्तुळाच्या चार टोकांशी, म्हणजे जिथे एखादा अक्ष दिशा बदलतो तिथे, रेषा चपटी दिसली तर स्क्रू आणि नट यांच्यात ढिलाई आहे. ती काढल्याशिवाय लाकूड बेडवर ठेवू नये.