शेवट राहिलाच

काल दुपारी जेवण झाल्यावर लोळत एक पिक्चर बघत होते, शेवटचा सीन, ती दोघं गच्चीत नुसती उभी आहेत, कोणी काही बोलत नाहीये, आणि पाट्या सुरू होतायत तोवर ते अख्खं चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं आणि पुढचा पिक्चर ५ सेकंदात. अरे थांब की जरा! रिमोट उशीखाली गेलेला, तो सापडेस्तोवर कुठलातरी गाड्या उडवणारा पिक्चर सुरूसुद्धा झाला.

आमच्याकडे पूर्वी हे काम बाबा करायचे. शेवट जवळ आला की त्यांना बरोब्बर वास यायचा. हिरो रक्तबंबाळ, व्हिलन हसतोय, की बाबा उठले. "चला, आता काय राहिलंय, जिंकणारच तो." कारण काय, तर स्टँडवर गर्दी होते. पेठेतल्या टॉकीजांचे ते बोळ ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको, एकदा का शो सुटला की आपली चेतक मधोमध आणि चार लुना सरकवल्याशिवाय ती निघायची नाही. मग आई अंधारात पायाने चपला चाचपतीये, माझं तोंड पडद्याकडे आणि पाय दाराकडे, मागून "ओ, बसा की खाली!"

याचा सगळ्यात मोठा फटका म्हणजे १९९३ चा झपाटलेला. त्यात शेवटी महेश कोठारे बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी घालतो आणि तात्या विंचू संपतो हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत, मला नाही. मी त्या वेळी स्टँडवर बिल्ला घेऊन उभी! म्हणजे माझ्या हिशोबाने तो मोकळाच फिरत होता. पुढची दोन वर्षं मी शोकेसमधल्या बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून झोपायचे. मग कधीतरी टीव्हीवर लागला आणि तो मेलेला बघून असलं बरं वाटलं म्हणून सांगू. तर २०१३ ला झपाटलेला २, तोही थ्रीडीत. मी म्हणतच होते.

तेव्हापासून असेल, पण पुस्तकाचं शेवटचं पान मी आधी वाचते, लाजबीज काही वाटत नाही. तसंही लायब्ररीतल्या रहस्यकथेत पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीने 'खुनी वकील' लिहून ठेवलेलं असतं. एका पुस्तकात तर त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'चूक. वकिलाचा मेहुणा.' हे फक्त आमच्या पुण्यातच होत असावं.

मालिकांचं तर विचारूच नका. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली ती २०१३ ला संपली, चार दिवस म्हणे! आईने नेमाने बघितली, पण शेवटी काय झालं विचारलं तर, "झालं काहीतरी, गोडच झालं."

आता बाबांचे गुडघे गेलेत. मागच्या महिन्यात कोथरूडला त्यांना पिक्चरला नेलं होतं, गाडी लांब लावलेली, त्यांना एवढं चालवत नाही, म्हणून शेवट आल्यासारखा वाटला तशी मीच उठले. म्हटलं, तुम्ही सावकाश या, मी गाडी दारात आणते. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी नुसता हात हलवला, जा जा.

गाडीत बसल्यावर विचारलं, काय झालं हो शेवटी?

पट्टा लावता लावता म्हणाले, "काही नाही गं, पाट्या आल्या."