एक जूनच्या मुली

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी मुलांची शब्बाथ शाळा भरायची, तिच्या टेबलावर एक लाकडी डबा असायचा. देवळाच्या आकाराचा, वर उतरतं छप्पर आणि छपराला फट. त्या आठवड्यात ज्याचा वाढदिवस असेल त्यानं पुढे यायचं आणि जितकी वर्षं पूर्ण झाली तितकी नाणी एकेक करून आत सोडायची. बाकीची मुलं मोठ्यानं मोजायची. मी आठ वर्षांची झाले ते साल १९७४. दादा, म्हणजे माझे वडील, नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत शिक्षक होते. त्यांनी आदल्या रात्री माझ्या हातावर दहा पैशांची आठ नाणी ठेवली, ती नागमोडी कडेची, हलकी हलकी. आईनं ती परत घ्यायला लावली. म्हणाली, "दुसऱ्याच्या खिशातून दान होत नाही. शेजारी शेंगा आल्यात, जा फोडायला." ऑक्टोबर होता, भुईमूग नुकताच निघाला होता. बोटांची सालं निघाली, पण रविवारी मी जी आठ नाणी टाकली ती माझी होती.

वाढदिवसाला आपण घेत नाही, देतो, हे मला त्या डब्यानं शिकवलं. आमच्याकडे त्याला उपकारस्तुतीचं दान म्हणतात. देवानं एक वर्ष दिलं, त्याबद्दल हे. बायबलमध्ये पौलानं करिंथकरांना लिहिलंय की दुःखी मनानं किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका, संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो. आई हे वचन शेंगांच्या ढिगाशी बसून म्हणायची, म्हणून मला ते आजही शेंगांच्या वासासकट आठवतं.

माझ्या आजीला मात्र वाढदिवसच नव्हता. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो मुली केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, त्यांतली ती एक. वय अंदाजे तीन. आईबाप कोण, गाव कुठलं, तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मुक्तीत वाढली, तिथंच लिहायला-वाचायला शिकली आणि पुढे तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ साली छापून पूर्ण झालं. बाई त्याआधी दोन वर्षं, १९२२ च्या एप्रिलमध्ये, प्रभूकडे गेल्या होत्या. त्या कामात आजीचे हात होते, हे आमच्या घरात सोन्याच्या दागिन्यासारखं जपून सांगितलं जातं.

आजीनं आपला वाढदिवस स्वतःच ठरवला होता: २३ एप्रिल. रमाबाईंचा जन्मदिवस. "बाईंनी मला उचललं नसतं तर मी जन्मलेच नसते, तर त्यांचाच दिवस माझा," असं तिचं गणित. त्या दिवशी ती एक नवं लुगडं विकत घ्यायची आणि संध्याकाळच्या आत ते कुणाला तरी देऊन टाकायची. कुणाला, ते कधीच सांगायची नाही. आईनं एकदा फार विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या डाव्या हाताला माहीत नाही, तुला कुठून सांगू?"

दादांचीही गंमत अशी की त्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जून. गावाकडच्या त्या पिढीत निम्म्या लोकांचा १ जून असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्माची नोंद कुठं नसायची, मग हेडमास्तर वयाचा अंदाज घेऊन तारीख टाकून मोकळे व्हायचे. दादा जन्मले ते ज्वारीच्या काढणीत, एवढंच त्यांच्या आईला आठवत होतं.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येतं.

मी सरकारी दवाखान्यात तेहेतीस वर्षं नर्स होते. पन्नाशीच्या वाढदिवसाला मुलांनी हॉल घ्यायचं ठरवलं, दीडशे माणसांची बिर्याणी. त्याच आठवड्यात उपासनेत लूकचा चौदावा अध्याय वाचला गेला. येशू म्हणतो, मेजवानी करशील तेव्हा मित्रांना, भावांना, धनवान शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते उलट तुलाच बोलावतील आणि फेड होऊन जाईल. ज्यांना फेड करता येणार नाही त्यांना बोलाव. ही ओळ मी शंभर वेळा ऐकली असेन, पण त्या रविवारी ती माझ्या हॉलच्या पावतीकडे बोट दाखवत होती. आम्ही हॉल रद्द केला आणि केक घेऊन एका मुलींच्या वसतिगृहात गेलो.

तिथं जे झालं त्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. मुलींना रांगेत उभं केलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवून माझ्यासाठी गाणं म्हटलं. माझ्या मुलानं फोटो काढले. एका मुलीला विचारलं, केक आवडतो ना? ती म्हणाली, "मावशी, आज तिसरा आहे." सकाळी एका नगरसेवकाचा, दुपारी कुणाच्या तरी नातवाचा आणि संध्याकाळी माझा. त्यांनी तीन वेळा, तीन अनोळखी माणसांसाठी, तेच गाणं म्हटलं होतं. मी त्यांना बोलावलं नव्हतं. माझ्या मेजवानीला त्यांना कामाला लावलं होतं.

आठवड्यानं मी एकटीच परत गेले. तिथल्या ताईंना म्हटलं, सलाम, मला खरं सांगा, काय लागतं? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग वही काढली. खोबरेल तेल. आतले कपडे, मापाप्रमाणे. सॅनिटरी पॅड. उवांचं औषध. एका मुलीचा चष्मा. नाताळच्या महिन्यात खाऊ ठेवायला जागा नसते, असं त्या म्हणाल्या, आणि जूनमध्ये, शाळा उघडताना, वह्या-दप्तरं-रेनकोट सगळं एकदम लागतं तेव्हा कुणी फिरकत नाही. "आणि जूनमध्येच यांचे वाढदिवस असतात," त्या सहज बोलून गेल्या.

मी विचारलं, यांचे म्हणजे?

ज्या मुलींची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, त्यांचं वय डॉक्टर अंदाजानं ठरवतात आणि शाळेत घालताना तारीख पडते १ जून. त्या वर्षी अशा चौदा मुली होत्या.

माझ्या डोळ्यांसमोर आजी आली, दादा आले. घरी येऊन मी एक पत्र्याचा डबा घेतला आणि दर महिन्याला त्यात पैसे टाकायला लागले. हिशेब तोच जुना: जितकी वर्षं तितके पट. पन्नास वर्षं, तर महिन्याला पन्नास गुणिले दहा. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, वेगळा, तो मंडळीचा. त्याला हात लावायचा नाही. पगार असताना सोपं होतं, आता पेन्शनमध्ये वर्षागणिक आकडा वाढतो आणि उत्पन्न तितकं वाढत नाही, तेव्हा साड्या घेणं बंद केलं. त्याचं मला खरंच काही वाटत नाही.

१ जूनला मी बेकरीतून चौदा छोटे केक नेले, प्रत्येकावर एकेक नाव. बेकरीवाल्यानं दोनदा फोन करून खात्री केली की सगळे एकाच दिवशी हवेत. त्या दिवशी चौदाही जणींनी खुर्चीवर बसायचं आणि आम्ही बाकीच्यांनी उभं राहून गायचं, असं ठरवलं. पाळकबाई सोबत होत्या. त्यांनी एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन प्रार्थना केली. त्यात पाऊण तास गेला आणि एकही मुलगी हलली नाही. फोटो काढला नाही.

एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं नंतर विचारलं, "पण माझा खरा वाढदिवस आजच आहे का?"

मी खोटं बोलू शकत नव्हते. मी तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली, लुगड्यासकट. ती विचार करून म्हणाली, "मग मला पण बदलता येईल?" मी म्हटलं, येईल. तिनं बदलला नाही; म्हणाली, इथं सगळ्यांबरोबर बरा आहे.

वसतिगृहाचं नाव मी लिहीत नाही. आमच्या मंडळीतल्या एका नव्या आईनं परवा विचारलं की बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला काय करावं, म्हणून एवढं लिहिलं. तिला मी एकच सांगितलं: जाण्याआधी वही मागून घे.

माझा स्वतःचा वाढदिवस ऑक्टोबरात येतो. त्या रविवारी मी पुढे जाते, अर्पण टाकते, घरी पुरणपोळी होते, झालं.

यंदाची वही गेल्या आठवड्यात आली. रेनकोट एकोणीस, त्यांतले सहा मोठ्या मापाचे. तीन मुली नव्या आल्यात. त्यांतल्या दोघींना १ जून मिळाला आहे. तिसरी सात वर्षांची आहे, फारसं बोलत नाही, पण तिला आपली तारीख पक्की पाठ आहे आणि कुणी १ जून म्हटलं तर ती लगेच दुरुस्त करते: ११ ऑगस्ट. ताईंनी तिच्या नावापुढे ते लाल शाईनं लिहिलंय. तेव्हा तिचा केक ऑगस्टमध्ये, वेगळा.