आज अण्णांनी भिंत उकलून दाखवली

औसा तालुक्यातल्या एका गावात जुन्या घराची भिंत उतरवून नव्यानं रचायचं काम अण्णांना आणि मला लागलंय. घरच्या आजी सकाळीच म्हणाल्या, "दगडाचं नाव काढू नका बाबा, किल्लारी डोळ्यांनी बघितलीय." ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही.

अण्णांनी पहारीनं एक थर सुटा केला. भिंत दोन हात रुंद, पण आतून दोन वेगळ्या भिंती, मधे नुसती माती आणि दगडाच्या चिपा. दोन्ही बाजू धरून ठेवणारा एकही आरपार दगड नाही. वर धाब्याच्या, म्हणजे सपाट छताच्या, मातीचं ओझं. "आजी, दगडानं नाही हो मारलं," अण्णा एवढंच म्हणाले. आवाज जड झाला होता.

मग दोन्ही बाजूंना पोचेल असा लांब काळा दगड निवडला. हातोडा टाकून कान लावला. खणखणीत. बद्द वाजला असता तर आत चीर असती. हा कान आमच्या घरात पणजोबांपासून चालत आलाय. माझा अजून तयार होतोय.

आजी जवळ आल्या, दगडावरून हात फिरवला. "असले किती घालणार?" त्यांनी विचारलं.