टोपेकाचं दार आणि मेडिसिन लॉजचा गहू

अमेरिकेला येताना बाबांनी एकच अट घातली होती, मृगाच्या आधी परत जायचं. यवतमाळ जिल्ह्यात आमची अकरा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पेरणी भावाच्या हातात सोपवून आपण इकडे बसणं त्यांना जमणारच नव्हतं. कॅन्सस राज्यातल्या ओव्हरलँड पार्कच्या माझ्या घरात तर दुसऱ्याच दिवसापासून करमेना. मे महिना संपत आला होता. मी दोन दिवसांची सुट्टी काढली आणि त्यांना म्हटलं, चला, तुम्हाला इथल्या शेतकऱ्यांचा मुलूख दाखवते.

तासाभरात टोपेका आलं. ही कॅन्ससची राजधानी. सात वर्षं मी इथे राहते आणि दोनशे वेळा तरी या गावाला वळसा घालून गेले असेन, पण विधिमंडळाच्या इमारतीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. वर तांब्याचा घुमट, त्यावर आकाशाकडे बाण रोखून उभा असलेला, इथल्या मूळच्या कॅन्सा जमातीचा योद्धा. घुमटात जायला २९६ पायऱ्या चढाव्या लागतात. बाबांच्या गुडघ्यांकडे पाहून आम्ही तो विचार सोडला आणि प्रतिनिधिगृहाच्या दाराशी जाऊन थांबलो. मला तेच दाखवायचं होतं.

१५ फेब्रुवारी १८९३ ला या सभागृहाची दारं घणाने फोडली गेली. आत होते शेतकऱ्यांच्या पक्षाचे, म्हणजे पीपल्स पार्टीचे आमदार, बाहेर रिपब्लिकन. १२५ जागांचं सभागृह, त्यातल्या काही जागांच्या निकालांवरून वाद. बहुमत आमचंच, असं दोन्ही बाजूंचं म्हणणं. कित्येक दिवस एकाच सभागृहात दोन सभापती, दोन कामकाजं. शेवटी शेतकरीपक्षाने सभागृहाला कुलूप लावलं आणि दुसऱ्यांनी दार फोडलं. राज्यपाल ल्युएलिंग शेतकऱ्यांचे होते. त्यांनी सैन्य बोलावलं, पण सैन्याच्या कर्नलने रिपब्लिकनांना बाहेर काढायला नकार दिला. दोनतीन दिवसांत तडजोड झाली आणि महिना संपायच्या आत न्यायालयाने रिपब्लिकनांच्या बाजूने निकाल दिला.

बाबांनी दाराच्या लाकडावरून हात फिरवला. "शेतकरी आत कसे पोचले, ते सांग ना पहिले," म्हणाले.

खरंच, गोष्ट तिथूनच सांगायला हवी होती. १८६२ च्या कायद्याने इथे १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. लोक आले. जमीन फुकट असली तरी नांगर, बैल, विहीर, बियाणं काही फुकट नव्हतं. पावसाची काही वर्षं बरी गेली, तेव्हा पूर्वेकडच्या सावकारी कंपन्यांनी हात सैल सोडून कर्ज दिलं आणि लोकांनी जमिनी गहाण टाकल्या. १८८७ पासून पाऊस फिरला. ज्या वर्षी पिकलं त्या वर्षी भाव नव्हता. मका इतका स्वस्त झाला की कोळसा घेण्यापेक्षा मकाच चुलीत घालणं परवडू लागलं. माल बाजारात न्यायचा तर रेल्वे एकच, ती म्हणेल ते भाडं. १८८९ ते १८९३ या काळात एकट्या कॅन्ससमध्ये अकरा हजारांवर शेतगहाणांची जप्ती झाली.

बाबा मान हलवत ऐकत होते. मक्याच्या चुलीपाशी मात्र थांबले. "पिकवलेलं जाळाचं? ज्यानं जाळलं त्याच्या मनाले काय वाटलं असन," एवढंच म्हणाले.

टोपेकाहून दक्षिणेला निघालं की फ्लिंट हिल्स लागतात. नांगर न लागलेलं गवत, टेकडीमागून टेकडी, मैलोन् मैल झाड नाही. वाटेत एम्पोरिया. इथल्या वर्तमानपत्राचा संपादक विल्यम ॲलन व्हाइट. ऑगस्ट १८९६ मध्ये त्याने याच शेतकऱ्यांची टर उडवणारा एक अग्रलेख लिहिला. रिपब्लिकन पक्षाने तो देशभर वाटला आणि अठ्ठावीस वर्षांचा व्हाइट एका झटक्यात प्रसिद्ध झाला. "त्याचं वावर होतं काय?" बाबांनी विचारलं. नव्हतं, छापखाना होता. गाडी थांबवायला त्यांनी सांगितलं नाही, मीही थांबवली नाही.

त्यापेक्षा मला मेरी एलिझाबेथ लीजबद्दल बोलायचं होतं. ती विचिटाची. सावकारी आणि दुष्काळ तिने स्वतःच्या संसारात पाहिलेले. १८९० च्या निवडणुकीत ती गावोगाव भाषणं देत फिरली. राज्याच्या निवडणुकीत बाईला मत नव्हतं, ते कॅन्ससमध्ये १९१२ ला मिळालं. स्वतःला मत नसताना ती हजारोंच्या सभेत सांगत होती की हे सरकार आता लोकांचं राहिलेलं नाही, वॉल स्ट्रीटने वॉल स्ट्रीटसाठी चालवलेलं आहे. मका कमी पिकवा आणि रान जास्त पेटवा, हे तिच्या नावावरचं वाक्य सगळ्यांना माहीत आहे. ते मी बोललेच नव्हते, पण सल्ला चांगला होता म्हणून खोडून काढला नाही, असं तिनेच पुढे सांगितलं. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, कॅन्ससच्या सातपैकी पाच जागा शेतकऱ्यांनी जिंकल्या. मेडिसिन लॉजचा जेरी सिम्पसन त्यांतला एक. विरोधकाच्या रेशमी मोज्यांवर तो बोलला, तर याच्या पायात मोजेच नाहीत म्हणून त्याला 'बिनमोज्यांचा जेरी' असं हिणवलं गेलं. ते नाव तो मिरवत वॉशिंग्टनला गेला.

रात्री विचिटाच्या मुक्कामात बाबांना झोप येईना. मी त्यांना सोन्याचं प्रकरण सांगायला बसले. मला कॉलेजात ते कधी धड कळलं नव्हतं. १८७३ च्या कायद्याने अमेरिकेने चांदीचं मुक्त नाणेपाडणं, म्हणजे कुणीही चांदी आणून तिची नाणी पाडून घेणं, बंद केलं आणि देश हळूहळू सोन्याच्या मापावर गेला, पैसा सोन्याच्या साठ्याला बांधला गेला. माणसं वाढली, माल वाढला, पैसा मात्र त्या मानाने वाढेना. मग प्रत्येक डॉलर जड होत गेला आणि प्रत्येक पोतं हलकं. १८७० च्या सुमाराला डॉलरच्या आसपास असलेला बुशेलभर, म्हणजे साधारण सत्तावीस किलो, गहू १८९४ मध्ये अर्ध्या डॉलरवर आला. कर्जाचा आकडा तोच. म्हणजे फेडायला दुप्पट गहू. १८९६ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचा ब्रायन शिकागोच्या अधिवेशनात गरजला की माणसाला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, ते याचसाठी. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याला मतं पुष्कळ मिळाली, कॅन्ससही मिळालं, देश मात्र रिपब्लिकन मॅकिन्लीकडे गेला.

बाबा उठून बसले. "हे तर मले समजते. मी तुया वयाचा होतो तवा एका क्विंटल कापसात एक तोळा सोनं ये. आता मोजून पाह्य किती क्विंटल लागतात."

त्यांना मी दहा मिनिटं समजावत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग मीही त्यांना एक गोष्ट सांगितली. जून १८९३ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद केल्या आणि चांदीचा भाव कोसळला. इथे आधीच बँका बुडत होत्या. चांदीच्या खाणीही बंद पडल्या. आपल्या रुपयाबद्दल झालेल्या निर्णयाने कोलोरॅडोतल्या मजुरांची चूल विझली. त्याआधी तीस वर्षं, इथलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि युद्ध थांबताच तो उतरला. दोन्हीकडचे शेतकरी एकाच दोरीला बांधलेले होते, आणि एकमेकांची तोंडंही त्यांनी पाहिली नव्हती.

दक्षिणेकडे कापसाच्या मुलखात तर गत आणखी वाईट होती. दुकानदार वर्षभर पीठ, मीठ, खत उधारीवर द्यायचा, रोखीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने. तारण काय, तर जमिनीत अजून न उगवलेला कापूस. तो त्यालाच घालायचा, तो म्हणेल त्या भावाने. "कृषी केंद्र," बाबा म्हणाले. आमच्या तालुक्यातल्या एका दुकानात त्यांचंही खातं अकरा वर्षं चाललं होतं. त्या उधारीतून सुटायला १८७७ मध्ये टेक्ससच्या लॅम्पासास भागात शेतकऱ्यांची अलायन्स, म्हणजे संघटना, उभी राहिली. पीपल्स पार्टी पुढे याच चळवळीतून निघाली. अलायन्सने काळ्या शेतकऱ्यांना आत घेतलं नाही. त्यांना १८८६ मध्ये आपली वेगळी अलायन्स काढावी लागली. दुकानदाराच्या वहीत दोघंही सारखेच अडकलेले असताना हे घडलं, याचं मला फार वाईट वाटतं. चळवळीचं बळ तिथेच गळलं असं माझं मत आहे.

याच अलायन्सच्या चार्ल्स मॅक्युनने १८८९ मध्ये एक मागणी मांडली. सरकारने गोदामं बांधावीत. शेतकऱ्याने माल तिथे ठेवावा, किमतीच्या ८० टक्के रक्कम १ टक्का व्याजाने उचलावी आणि भाव आला की विकावा. हंगामात पडेल भावाने टाकून द्यायची वेळ येऊ नये, एवढंच. काँग्रेसने ती उभीही राहू दिली नाही.

सकाळी मेडिसिन लॉजच्या वाटेवर जमीन लाल होत गेली आणि दोन्ही बाजूंना गहू. पंधरा दिवसांत कापणीला येईल असा, पिवळा पडत चाललेला. बाबांनी गाडी थांबवायला लावली. कडेची एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला, दाणा दाताखाली धरला. "अजून दूध आहे," म्हणाले.

गावाबाहेर धान्य साठवायचे पांढरे उंच सिमेंटचे सायलो होते. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे. कार्यालयातल्या माणसाला मी म्हटलं, वडील शेतकरी आहेत, काही विचारू शकतात का? त्याने खुर्ची पुढे केली. बाबांचा पहिला प्रश्न, चुकारा किती दिवसांनी होतो? दुसरा, इथे ठेवलेल्या मालावर कर्ज मिळतं का?

मिळतं, तो म्हणाला, केंद्र सरकारचं. भाव आला तर विका आणि फेडा, नाही आला तर गहू सरकारला द्या, कर्ज फिटलं. अशी कर्जं १९३३ पासून सुरू आहेत.

बाबांनी बोटांवर मोजलं. "एकोणनव्वदले मांगलं. तेहतीसले भेटलं." मग माझ्याकडे न पाहता, "चव्वेचाळीस वर्सं."

गाडीत बसलो तर भावाचा फोन आला. सरकीच्या बियाण्याच्या पिशव्या आल्यात, दुकानदार विचारतोय रोख की उधार. बाबांनी काच खाली केली आणि बाहेरच्या गव्हाकडे पाहत म्हणाले, "रोख सांग. दोन पिशव्या कमी घे, पन रोख."